झिजलेल्या नाण्यांचं गणित

चांदीचं नाणं हातोहात फिरतं तेव्हा प्रत्येक व्यवहारात त्याचा एखादा कण झडतो. केवढा, ते कुणालाच सांगता येणार नाही. कधी नाणं वर्षभर गाठोड्यात पडून राहतं, कधी एका बाजाराच्या दिवसात दहा ठिकाणी खणकतं. एका नाण्याची झीज म्हणजे निव्वळ योगायोग. पण अशी शेकडो नाणी तराजूत घातली, की त्या योगायोगातूनच कालक्रम हाती लागतो!

हे करून दाखवलं दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. गोव्यात 1907 साली जन्म, हार्वर्डमध्ये शिक्षण, मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताची प्राध्यापकी. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. पोटापाण्याचा व्यवसाय मात्र गणिताचाच होता.

संख्याशास्त्र शिकायचं तर हाताशी खराखुरा प्रश्न हवा, म्हणून त्यांनी आहत नाणी धरली. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर ठसे मारलेली ही प्राचीन नाणी. त्यांवर ना राजाचं नाव, ना साल. तक्षशिलेच्या उत्खननात त्यांचे साठे सापडले होते आणि त्यातल्या एकात अलेक्झांडरची कोरी करकरीत नाणीही होती, त्यामुळे तो साठा साधारण केव्हा पुरला गेला हे कळत होतं. पण आतली आहत नाणी कुणाच्या आधीची, कुणाच्या नंतरची?

कोसंबींनी एकेक नाणं तोललं. टांकसाळीतून निघताना सगळ्यांचं वजन एका ठरलेल्या मापाभोवती दाटीनं असतं. चलनात आल्यावर दोन गोष्टी घडतात. सरासरी वजन हळूहळू उतरतं, हे कुणालाही सुचेल. दुसरी गोष्ट जास्त सुंदर आहे: वजनांतली तफावत वाढत जाते. काही नाणी फार फिरलेली, काही कमी, त्यामुळे एकाच दिवशी पाडलेली भावंडंही काळाबरोबर एकमेकांपासून दूर जातात. योगायोगाच्या अशा वाटचालीला गणितात यादृच्छिक प्रक्रिया म्हणतात. तिचे नियम लावून कोसंबींनी ठशांप्रमाणे नाण्यांचे गट पाडले आणि कुठला गट अधिक जुना ते मांडलं. नाण्यांच्या पाठीवरचे बारके ठसे जसे वाढतात तसं सरासरी वजन घटत जातं, हेही त्यांना दिसलं. म्हणजे हे ठसे एकदम पडलेले नव्हेत. नाणं चलनात असताना, वेळोवेळी तपासणी होताना उमटलेले. ही पद्धत चालते का, हे बघायला त्यांनी स्वतःच्या काळातली चलनी नाणीही तोलली. इतिहासाच्या पुस्तकांत इतका हट्टी पुरावा मी क्वचितच पाहिला आहे.

पण गणिती म्हणून त्यांची सर्वांत मोठी कामगिरी 1943 सालच्या एका निबंधात आहे. तो समजून घ्यायला आमच्या उलव्याचं उदाहरण घेतो. पहाटेपासून रात्रीपर्यंतचं तापमान मिनिटामिनिटाला टिपलं तर दिवसाची एक वक्ररेषा मिळते. खाडीवरचा वारा लवकर सुटला की ती दुपारीच खाली वळते. ढग आले की सपाट होते. वर्षभरात अशा 365 रेषा. एकेका आकड्याचं संख्याशास्त्र ठाऊक होतं, पण अख्ख्या रेषेचं कसं करायचं? कोसंबींनी दाखवलं, की काही मूळ आकार असे शोधता येतात की कुठल्याही दिवसाची रेषा म्हणजे सरासरी रेषा, अधिक त्या आकारांची कमीजास्त मात्रा. या मात्रा योगायोगानं ठरतात, पण एकीचा दुसरीशी सहसंबंध नसतो. बहुतेक वेळा पहिल्या दोन-चार आकारांतच बहुतेक चढउतार सामावतो, बाकीचे सोडून दिले तरी फारसं बिघडत नाही. अनंत बिंदूंची रेषा चार आकड्यांत! चेहरे ओळखणं, चित्रं कमी जागेत साठवणं, हवामानाचा अभ्यास, सगळीकडे ही युक्ती कामाला येते.

पुढच्याच वर्षी त्यांनी जनुकांमधली अंतरं मोजण्याचं सूत्र दिलं. पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणारे आजही ते वापरतात, आणि तिथे ते कोसंबींच्याच नावानं चालतं.

होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणलं. पुण्याचं घर सुटलं नाही. डेक्कन क्वीननं मुंबईला जाणंयेणं सुरू झालं. 1959 साली मात्र त्यांनी संभाव्यतेच्या वाटेनं थेट रीमानच्या गृहीतकाला, म्हणजे गणितातल्या एका न सुटलेल्या प्रसिद्ध कोड्याला, हात घातला आणि तो निबंध छापला शेतीविषयक संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. सिद्धता टिकली नाही, नाव खराब झालं. 1962 मध्ये संस्थेतली नोकरीही गेली. माझ्या मते तो दावा अविचारी होता, पण त्यापायी आधीच्या वीस वर्षांच्या कामावर पडदा पडला, हे त्याहून वाईट झालं.

1943 चा तो सिद्धांत फिनलंडच्या कारी कारहुनेन आणि फ्रेंच गणिती मिशेल लोएव यांनी पुढे काही वर्षांत स्वतंत्रपणे मांडला. पाठ्यपुस्तकांत बहुधा त्या दोघांचंच नाव असतं. तुम्ही हा विषय शिकवत असाल, तर फळ्यावर लिहिताना सुरुवात कोसंबींपासून करा.