गर्दी कोठे जमते आणि का?

सभेला माणसे का येतात आणि का येत नाहीत, हा युनियनवाल्याचा रोजचा प्रश्न. म्हणूनच अमेरिकेतील कॉलेज-फुटबॉलची गर्दी मला अभ्यासावीशी वाटली. हा फुटबॉल आपला नव्हे. यात चेंडू हातात घेऊन धावतात.

नेब्रास्का राज्यातील लिंकन हे सुमारे तीन लाख वस्तीचे शहर. तेथील विद्यापीठाच्या मैदानावर सुमारे ८५ हजार माणसे बसतात, आणि १९६२ पासून तेथील प्रत्येक सामन्याची तिकिटे खपत आली आहेत. उलट लॉस एंजेलिससारख्या महानगरात यूसीएलएच्या सामन्यांना अनेकदा रांगाच्या रांगा रिकाम्या दिसतात.

तेथील लोक निरुत्साही आहेत काय? मुळीच नाही. त्या महानगरात दोन अव्वल धंदेवाईक फुटबॉल संघ आहेत. शिवाय मैदान कॉलेजपासून सुमारे ४० किलोमीटर दूर. नेब्रास्कात असा एकही संघ नाही, अलाबामातही नाही. तेथे विद्यापीठाचा संघ हीच साऱ्या राज्याची सामाईक मिळकत. कॉलेजची पायरी न चढलेला शेतकरीही त्याला ‘आमचा’ म्हणतो. आपलेपणा असला की माणूस येतो.

पण गर्दी म्हणजे न्याय नव्हे. नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंनी २०१४ मध्ये युनियनसाठी अर्ज केला. २०१५ मध्ये श्रममंडळाने त्यात पडण्याचे नाकारले. विद्यापीठांनी खेळाडूंना उत्पन्नातील थेट वाटा देण्यास २०२५ मध्ये मुभा मिळाली, तीही कोर्टातील तडजोडीने. तेव्हा बाकांवरची माणसे मोजताना मैदानात राबणाऱ्यांना विसरू नये.