सोयाबीन : पेरणीची वेळ आणि तणनियंत्रण

जबलपूरचा सोयाबीनशी दुहेरी संबंध आहे. येथील जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा जे.एस. ३३५ हा वाण १९९४ मध्ये प्रसारित झाला व पुढे विदर्भ-मराठवाड्यातही रुजला; तणविज्ञानाची राष्ट्रीय संस्थाही याच शहरात आहे. वाण आणि तण यांचा एकत्र विचार करणे म्हणूनच येथे स्वाभाविक ठरते. पेरणीची तारीख ठरते, तेव्हाच त्या हंगामातील तणांचे बळही बहुतांशी ठरते.

पहिल्या सरीवर घाईने पेरणी केल्यास तण व पीक एकाच वेळी उगवतात. शिवाय मोसमी पावसापूर्वी पेरलेल्या शेतात चक्री भुंग्याचा उपद्रव अधिक आढळतो. म्हणून ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्यावरच पेरणी करावी. तत्पूर्वी उगवलेले तण वखरणीने नष्ट केल्यास तणांची पहिली पिढी पेरणीआधीच संपते.

मात्र जुलैच्या मध्यानंतर पेरणी लांबवू नये. सोयाबीन हे लहान दिवसाला प्रतिसाद देणारे पीक आहे. उशिरा पेरलेले झाड पुरेशी वाढ होण्याआधीच फुलावर येते. पेरे व शेंगा कमी लागतात, ओळींमधील जागा झाकली जात नाही आणि मोकळ्या जागेतील प्रकाश तणांना मिळतो. उशीर अटळ असल्यास ओळींतील अंतर ४५ ऐवजी ३० सें.मी. ठेवून बियाण्याचे प्रमाण वाढवावे.

पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस पीक तणमुक्त राहणे आवश्यक आहे. सुमारे २० व ४० दिवसांनी कोळपणी करावी. फुलोरा सुरू झाल्यावर करू नये, कारण मुळांना इजा होते. काळ्या जमिनीत सततच्या पावसामुळे वाफसा मिळत नसेल, तर पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, तणे लहान असतानाच, इमॅझेथापायर १० टक्के एस.एल. हेक्टरी १ लिटर, ५०० लिटर पाण्यातून, जमिनीत ओल असताना फवारावे. केन्याचे तुटलेले तुकडे ओल्या मातीत पुन्हा मूळ धरतात. ते वेचून शेताबाहेर टाकावेत.

बांधावरील तणही दुर्लक्षित ठेवू नये. पिवळ्या मोझॅकचा प्रसार करणारी पांढरी माशी अनेक रुंदपानी तणांवर आश्रय घेते. वेळेवर केलेली पेरणी व निंदणी हे कीड व्यवस्थापनाचेही पहिले पाऊल होय. कीटकनाशकाचा विचार त्यानंतर.