सुकामेव्याने होणारा हृल्लास : अजीर्ण की ॲलर्जी?

बदाम, काजू वा अक्रोड खाल्ल्यावर मळमळते, अशी तक्रार करणारे रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. यामागील कारणे निरनिराळी असल्याने त्यांचा भेद करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७ व्या अध्यायात वाताम, अक्षोट आदी फळे गुरू, उष्ण, स्निग्ध व कफपित्तवर्धक सांगितली आहेत. बदामाचा सुमारे निम्मा भाग स्नेहच असतो आणि स्नेहाधिक्याने आमाशय उशिरा रिकामा होतो. त्यामुळे अग्नी मंद असता मूठभर बदामही जड होऊन हृल्लास व आध्मान उद्भवते. येथे मात्रा घटविणे व अग्निदीपन करणे बहुधा पुरेसे ठरते. खवट दाणे मात्र टाकूनच द्यावेत.

परंतु एक-दोन दाण्यांनीच, काही मिनिटांत वा दोन तासांच्या आत, ओठांना खाज, शीतपित्तासारख्या गांधी, उलटी वा श्वासकष्ट होत असल्यास ते अजीर्ण समजू नये. ती ॲलर्जी असण्याचा दाट संभव असतो. रुग्ण 'पित्त उठले' म्हणतो म्हणून केवळ पित्तशमन करीत बसू नये. 'थोडे थोडे खाऊन सवय करा' हा सल्ला तर प्राणघातक ठरू शकतो. श्वासकष्ट वा मूर्च्छा दिसताच ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन मिळेल अशा रुग्णालयात तत्काळ न्यावे. काजू व पिस्ता एकाच कुळातील असल्याने एकाची ॲलर्जी असणाऱ्यास दुसराही बहुधा बाधतो.

औषधालयचालकांना आमची विनंती, की पाक वा अवलेह देण्यापूर्वी घटकद्रव्ये पाहावीत व ग्राहकास ॲलर्जीविषयी आवर्जून विचारावे.