चार काचांमधली शेती

फिश टँकसाठी हौसेनं रोपं आणावीत, वाळूत नीट खोचावीत आणि आठवड्याभरात ती विरघळायला लागावीत. मग पहिला संशय पाण्यावर, दुसरा माशांवर आणि तिसरा अर्थातच दुकानदारावर. खरी गंमत वेगळीच असते. त्या रोपानं आजवर पाण्याखाली एक रात्रही काढलेली नसते!

टँकसाठी विकली जाणारी बरीचशी रोपं नर्सरीत हवेवर वाढवतात. मुळं ओली, पानं मोकळी, भोवती दमट हवा. अशी ती भराभर वाढतात, त्यांना शेवाळ धरत नाही आणि प्रवासही सोसतो. घरी आणून बुडवली की ही हवेतली जाडसर पानं कुचकामी ठरतात. रोप ती टाकून देतं आणि पातळ, मऊ, पाण्यातूनच वायू शोषणारी नवी पानं काढायला घेतं. आपण मात्र नेमकं त्याच वेळी ‘मेलं’ म्हणून ते उपटून फेकतो. सडकी पानं कापा, बुडखा आणि मुळं राहू द्या, गप्प बसा. शेवटचं काम सर्वांत अवघड.

नाटकी मंडळी

पानं टाकण्याच्या बाबतीत क्रिप्टोकोरिन या रोपाचा हात कुणी धरणार नाही. दिवा बदलला, जागा बदलली, पाणी जरा जास्त बदललं, एवढं निमित्त पुरतं. सगळी पानं लिबलिबीत होऊन गळून पडतात. काही आठवड्यांनी तिथूनच नवे कोंब वर येतात, जणू काही घडलंच नव्हतं. मूळ शाबूत असलं की झालं. या क्रिप्टोकोरिनच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठच्या आहेत, आणि कॉग्नाटा नावाची जात तर फक्त महाराष्ट्रात सापडते. आपल्या मातीचं रोप आपल्याकडे शोभेचं म्हणून विकत घ्यावं लागतं, ही गंमत निराळी.

साताऱ्याचे सगेसोयरे

कासच्या पठारावर पावसाळ्यात साचलेल्या डबक्यांत डोकावलात तर वायतुरा दिसेल. पाण्याबाहेर येऊन दोन फाट्यांत दुभंगलेला नाजूक तुरा. शास्त्रीय नाव अपोनोजेटन सातारेन्सिस. याच अपोनोजेटन कुळातलं मादागास्करचं एक रोप जगभरातल्या टँकवाल्यांना वेड लावतं. त्याचं पान म्हणजे नुसती जाळी. शिरा तेवढ्या शिल्लक, मधली जागा रिकामी. ही भोकं कुणी किड्यानं पाडलेली नाहीत. कोवळ्या पानातल्या ठरावीक पेशी ठरल्या वेळी आपणहून मरतात आणि जाळी उमलते. पेशी ‘आता मरायचं’ हे कसं ठरवतात, याचा अभ्यास करायला कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातले शास्त्रज्ञ हेच रोप वापरतात.

या कुळातल्या कित्येकांना सुट्टी लागते. कासचा वायतुरा उन्हाळाभर कंदाच्या रूपात मातीत पडून असतो. टँकमधले कंदही काही महिने झकास वाढून एक दिवस पानं टाकतात. सुट्टी संपली की पुन्हा फुटतात. (कासवरून कंद उपटून आणायचा विचार मनात आला असेल, तर तो तिथेच सोडा. फार थोड्या पठारांवर उरलेली वनस्पती आहे ती.)

कासवरच निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा पसरणारी ‘सीतेची आसवं’ ठाऊक असतील. नाव हळवं, धंदा शिकारीचा. बुडाशी बारीक फुगे असतात आणि सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की फुगा त्याला आत ओढून घेतो. एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात! तिचीच चुलत बहीण युट्रिक्युलेरिया ग्रॅमिनिफोलिया ही टँकच्या तळाशी हिरवळ पसरवायला लावतात. हिरवळीवर कोळंबी निवांत चरत असते आणि खाली वाळूत हा उद्योग चालू असतो. कोळंबीला धोका नाही. सापळे तिच्या मानानं फारच चिमुकले.

वरात पाण्यावरून

टँकच्या मागच्या काचेशी लांबच लांब हिरव्या फिती डोलताना दिसतात ना, ती व्हॅलिस्नेरिया. दुकानात तिची किंमत सर्वांत कमी आणि मान त्याहून कमी. पण हिच्या घरचं लग्न पाहिलं तर ऑर्किडही लाजावं. नर आणि मादी रोपं वेगळी. नर रोपाच्या बुडाशी एका पिशवीत बारीक बारीक फुलं तयार होतात, देठावरून सुटतात आणि बंद कळीच्याच रूपात वर तरंगत येतात. पृष्ठभागावर आली की उमलतात आणि वाऱ्यावर भटकू लागतात. मादीचं फूल लांब दोरीसारख्या देठानं वर आलेलं असतं. त्याच्या भारानं पाण्याला किंचित खळगा पडतो. फिरत फिरत आलेली नरफुलं त्या खळग्यात घसरतात, परागकण लागतो, काम फत्ते. मग मादीचा देठ स्प्रिंगसारखा वळतो आणि फळाला खाली, तळाशी ओढून नेतो.

घरच्या टँकमध्ये हा सोहळा क्वचितच पाहायला मिळतो. तिथे व्हॅलिस्नेरिया सोपा मार्ग धरते. वाळूतून आडवं खोड धावतं, थोड्या अंतरावर नवं रोप, पुढे आणखी एक, अशी रांग काच संपेपर्यंत. सगळी एकाच रोपाची, म्हणून सगळे नर नाहीतर सगळ्या माद्या. नव्या रोपाला चांगली मुळं सुटली की मधलं खोड कापा आणि हवं तिकडे लावा.

याच व्हॅलिस्नेरियानं घरगुती टँकची पायाभरणी केली. 1850 मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ठेवून पाणी न बदलता मासे जगतात का, हे पाहिलं. रोप ऑक्सिजन देत होतं, पण सडणाऱ्या पानांनी पाणी गढूळ व्हायला लागलं. मग त्यानं गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडकी पानं फस्त केली आणि गणित जमलं. तीनच वर्षांनी, 1853 मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. आज आपण त्याच गोगलगायींच्या नावानं बोटं मोडतो. त्या रोपांच्या पानाखाली अंड्यांचा पारदर्शक ठिपका बनून घरात शिरतात, आणि बऱ्याच जातींत एकीच्या अंगी दोन्ही लिंगं असल्यानं भरभराटीला वेळ लागत नाही.

पुरू नका!

अन्युबियस आणि जावा फर्न ही नवशिक्यांची लाडकी रोपं. कमी उजेड चालतो, मासे सहसा तोंड लावत नाहीत. तरीही लोक ती मारून दाखवतात, कारण वाळूत पुरतात. त्यांचं जाड आडवं खोड गाडलं की सडतं. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधा, नाहीतर सुपरग्लूचा ठिपका लावा. तो ओलाव्यानंच सुकतो.

जावा फर्नच्या पानामागे काळे-तपकिरी ठिपके दिसले की घाबरून औषध शोधणारे पुष्कळ. ते बीजाणू, रोग नव्हे. थोडं थांबलात तर जुन्या पानाच्या टोकाला इवलाली पानं आणि केसाळ मुळं असलेलं पिल्लू लटकलेलं दिसेल. दोन-तीन पानं झाली की चिमटीनं ओढा, सुटून येतं. अ‍ॅमेझॉन सोर्ड हेच काम फुलाच्या दांड्यावर करतं. मॉसला तर खरी मुळंच नसतात. कात्रीनं बारीक करून दगडावर पसरा, प्रत्येक तुकडा कामाला लागतो.

कात्री लावा, दुप्पट घ्या

उभ्या खोडाची रोपं दुकानात जुडीनं मिळतात. रोटाला, लुडविजिया, हायग्रोफिला. जुडीचं रबर किंवा शिशाची पट्टी आधी सोडवा, नाहीतर आतली खोडं काळी पडतात. शेंडा वितीभर लांब ठेवून पेराच्या जरा खाली कापायचा. खालच्या दोन पेरांची पानं खुडायची, कारण मुळं तिथूनच सुटणार. मग लांब चिमट्यानं खोड तिरकं खुपसायचं आणि चिमटा हलकेच सोडवत बाहेर घ्यायचा. सरळ खुपसलं की ते बुचासारखं वर येतं. मागे राहिलेल्या ठोंबाला बहुधा दोन फुटवे येतात. एक शेंडा गेला, तिघं आले. माझ्या मते या छंदातलं सर्वांत स्वस्त सुख हेच.

आपली ब्राह्मीही अशीच कलमानं टँकमध्ये छान वाढते. केसांच्या तेलाच्या बाटलीवरची तीच बकोपा मोनिएरी.

साखर, यीस्ट, बुडबुडे

पाण्यातल्या रोपाची मोठी अडचण म्हणजे कार्बन डायऑक्साइड. हवेच्या तुलनेत पाण्यात तो सुमारे दहा हजार पटींनी संथ पसरतो. म्हणून हौशी लोक सिलिंडर लावतात, आणि काटकसरी लोक प्लास्टिकच्या बाटलीत साखर, पाणी आणि यीस्ट घालून नळी टँकमध्ये सोडतात. रात्री मात्र रोपंही ऑक्सिजनच घेतात. तेव्हा कार्बन डायऑक्साइडचा अतिरेक झाला तर सकाळी मासे वर येऊन तोंड उघडमिट करताना दिसतील.

उजेड भरपूर मिळाला की पानांवर चमकणारे मोतीही याच कारभारातून येतात. पाण्यात आणखी ऑक्सिजन मावेनासा झाला की तो पानावरच बुडबुडा धरतो. शाळेच्या प्रयोगशाळेतलं उलटं नरसाळं, त्यावर पालथी परीक्षानळी आणि खाली हायड्रिला आठवा.

हीच साधीभोळी हायड्रिला 1950 च्या दशकात श्रीलंकेतून अमेरिकेच्या फ्लोरिडात टँकसाठी नेली गेली आणि ‘इंडियन स्टार-व्हाइन’ म्हणून विकली गेली. तिथून ती कालव्यांत पोचली. तुटलेल्या तुकड्यापासून नवं रोप, वर चिखलात लपणारे कंद! आजही तिला आवरायला फ्लोरिडा दरवर्षी लाखो डॉलर मोजतं. पवना आणि इंद्रायणीच्या काठच्यांना हे वेगळं सांगायला नको. जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणूनच जगभर फिरली. तेव्हा छाटलेला पाला कुंडीतल्या मातीत घाला. ओढ्यात कदापि नको.

फसवी पाहुणी

लकी बांबू पाण्यातली वनस्पती नाही, बांबू तर नाहीच. ड्रेसिना आहे ती. पूर्ण बुडवून विकतात, काही महिने तग धरते आणि मग सडते. उलट मनीप्लांटची पानं बाहेर ठेवून फक्त मुळं पाण्यात सोडली, तर तो माशांच्या विष्ठेतून तयार होणारं नायट्रेट आनंदानं पितो.

आणि पृष्ठभागावर हिरवी पूड तरंगताना दिसली, तर ती वुल्फिया असू शकते. जगातली सर्वांत लहान फुलझाडं याच वंशातली. काही जातींचा आकार एक मिलीमीटरसुद्धा नाही. थायलंडमध्ये खातात. आपल्याकडची वुल्फिया मायक्रोस्कोपिका जेमतेम सव्वा दिवसात दुप्पट होते. जाळीनं सगळी काढली असं वाटतं तेव्हा एक कण मागे राहिलेला असतोच.

चाळीस मीटरचा टँक

ताकाशी अमानो हा जपानी माणूस आधी सायकल शर्यतपटू, मग छायाचित्रकार, आणि शेवटी पाण्यातल्या बागांचा गुरू. टँकमधलं शेवाळ खाण्यासाठी त्यानं लोकप्रिय केलेली कोळंबी आज त्याच्याच नावानं विकली जाते. 2015 मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, त्यानं लिस्बनच्या मत्स्यालयात सुमारे 40 मीटर लांब आणि 1,60,000 लिटर पाण्याची बाग उभी केली. तिथेही रोपं वाढली, शेंडे वर आले, छाटणी करावी लागली. फक्त कात्री घेऊन माणूस पाणबुड्याच्या पोशाखात टँकमध्ये उतरला.