'क्लॅन' म्हणजे लेकरं

'क्लॅन' हा शब्द आता आपल्या चांगल्या ओळखीचा झाला आहे. मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत तो भेटतो, इंग्रजी सिनेमात भेटतो, आणि मुलं मोबाइलवर जे लढाईचे खेळ खेळतात त्यांतही भेटतो. कोशात पाहिलं तर अर्थ दिसतो कूळ, वंश, टोळी. पण शब्द मुळात इंग्रजांचा नाही. तो स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातला आणि पश्चिमेकडच्या बेटांवरचा. तिथल्या गेलिक भाषेतला. आणि त्या भाषेत त्याचा अर्थ अगदी घरगुती आहे. 'क्लान' म्हणजे मुलंबाळं, लेकरं. आजही तिथं कुणाला 'तुम्हाला मुलंबाळं किती?' असं विचारायचं झालं तर हाच शब्द तोंडी येतो.

गंमत अशी, की हा शब्द गेलिकचाही मूळचा नव्हे. तो आला लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'प्लांटा' म्हणजे कोंब, रोप, लावण्यासाठी काढलेली फांदी. इंग्रजीतला 'प्लांट' त्यातलाच. आता 'प'चा 'क' कसा झाला? ख्रिस्ती धर्माबरोबर लॅटिन शब्द आयर्लंडात पोचले तेव्हा तिथल्या जुन्या भाषेत 'प' हा उच्चारच नव्हता. लोकांनी त्याच्या जागी जवळचा 'क' बसवला. ईस्टरच्या सणाचं लॅटिन नाव 'पास्का', ते आयरिश लोकांनी 'काश्क' केलं. तसाच 'प्लांटा'चा 'क्लांड' झाला, आणि झिजून 'क्लान' उरला. शेजारच्या वेल्समध्ये 'प' होता, म्हणून तिथं शब्द शाबूत राहिला. वेल्श भाषेत आजही 'प्लांट' म्हणजे मुलं!

आपल्याला याचं नवल वाटायला नको. अरबीत 'प' नाही, म्हणून इराणातल्या 'पार्स' प्रांताचा 'फार्स' झाला. परिणामी मराठीत माणूस पारशी राहिला आणि भाषा मात्र फारसी झाली.

कोंबावरून वंश, ही कल्पनाही परकी नाही. संस्कृतात 'वंश' म्हणजे आधी बांबू; पेरावर पेर चढत जाणारा. आपण वंशवेल म्हणतो. आमच्याकडे वंशावळीला 'शजरा' म्हणतात, आणि अरबीत 'शजर' म्हणजे झाड. सूफी परंपरेत मुरीदालाही शजरा देतात, त्यात गुरूच्या गुरूची नावं असतात. रक्ताचा संबंध असलाच पाहिजे असं नाही. आणि 'कलम' हा शब्द तर लेखणीलाही चालतो आणि आंब्याच्या फांदीलाही. 'प्लांटा'त ही कलमाची छटा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण स्कॉटलंडमधलं क्लॅनही पुष्कळसं कलमानेच वाढलं.

क्लॅनची नावं पाहा. 'क्लॅनरॅनल्ड' म्हणजे रॅनल्डची लेकरं. हा रॅनल्ड चौदाव्या शतकातला, पश्चिमेकडच्या बेटांच्या सरदाराचा मुलगा. 'मॅक' म्हणजे मुलगा; मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा, मॅकिंटायर म्हणजे सुताराचा, मॅकिंटॉश म्हणजे सरदाराचा. (आपल्या इस्पितळांत खाटेवर अंथरतात त्या रबरी कापडाला परिचारिका 'मॅकिंटॉश' म्हणतात. एका स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने १८२३ साली न भिजणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं, त्याचं हे आडनाव. सरदाराचा मुलगा कुठं येऊन पोचला!) पण रॅनल्डच्या क्लॅनमधला प्रत्येक जण त्याच्या रक्ताचा होता का? मुळीच नाही. सरदाराच्या जमिनीवर राहायचं, त्याच्यासाठी लढायचं, त्याचं संरक्षण घ्यायचं, आणि बरेचदा त्याचंच आडनाव लावायचं, अशी हजारो माणसं होती. लेकरं म्हणवून घेणं हा एक करार होता. तो कागदावर नव्हता, शब्दात होता.

नाव किती खरं मानलं जाई, याचा पुरावा म्हणजे मॅकग्रेगर. एका रक्तरंजित लढाईनंतर १६०३ साली राजाच्या मंत्रिमंडळाने या क्लॅनचं नावच रद्द केलं. मॅकग्रेगर नाव लावील त्याला देहदंड. मधली काही वर्षं सोडली तर ही बंदी १७७४ पर्यंत कायद्यात होती. लोक दुसरी आडनावं लावून जगले.

हा शब्दातला करार सांभाळायचं काम कवींकडे होतं. आपल्याकडे भाट होते, कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी घराण्यांच्या पिढ्या सांगत येतात, तसंच. १२४९ साली तिसऱ्या अलेक्झांडरचा राज्यारोहण समारंभ झाला, तेव्हा एका गेलिक कवीने राजासमोर त्याची वंशावळ म्हणून दाखवली होती. क्लॅनरॅनल्डचे कवी होते मॅकव्हुरिख घराण्यातले. त्यांचा मूळपुरुष आयर्लंडातून पळून आलेला. करवसुलीला आलेल्या कारभाऱ्याला त्याने कुऱ्हाडीने मारलं होतं. कवींविषयी आपली समजूत थोडी वेगळी असते, असो. पुढं पिढ्यान्पिढ्या या घराण्याने साउथ युइस्ट बेटावर सरदाराची वंशावळ आणि काव्य जपलं. १८०० साली त्यांचा वंशज लाखलन याची जबानी घेण्यात आली. त्याने आपल्या अठरा पिढ्या सांगितल्या. पण त्याला स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं. घरातल्या जुन्या चर्मपत्रांचं काय झालं, तर त्यांतली काही शिंप्यांनी मापाच्या पट्ट्यांसाठी कापलेली त्याने पाहिली होती. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

तोवर करारही फाटत आला होता. १७४६ साली कलोडनच्या मैदानावर उत्तरेकडच्या बंडखोर फौजेचा पराभव झाला आणि लंडनच्या सरकारने सरदारांचे न्यायनिवाड्याचे वंशपरंपरागत अधिकार काढून घेतले. आता सरदाराला लढणारी माणसं नको होती, खंड देणारी हवी होती. इथं गेलिकमधला आणखी एक शब्द सांगायला हवा, 'दूखस'. या मातीत आपल्या पिढ्या गेल्या, म्हणून इथं राहण्याचा आपला हक्क आहे, असा त्याचा भाव. लेकरं त्या शब्दावर विसंबून होती. कायद्याच्या कागदावर मात्र जमीन एकट्या सरदाराची होती.

मराठीत 'कूळ' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वंश, आणि दुसरा दुसऱ्याची जमीन कसणारा. स्कॉटलंडात लोक पहिल्या अर्थाची कुळं होती, ती दुसऱ्या अर्थाची झाली, आणि त्यांना ते पुष्कळ उशिरा कळलं.

साउथ युइस्टच्या किनाऱ्यावर समुद्रशेवाळ जाळून त्याची राख काचेच्या नि साबणाच्या कारखान्यांना विकत. नेपोलियनची युद्धं संपल्यावर तो धंदा बसला. रॅनल्डच्या गादीवरचा सरदार कर्जात बुडालेला. त्याने १८३८ साली बेट विकून टाकलं, जॉन गॉर्डन नावाच्या धनिकाला. पुढं बटाट्याचं पीक सडलं, दुष्काळ पडला. १८५१ साली गॉर्डनच्या बेटांवरून दीड हजारांहून अधिक माणसं जहाजांत भरून कॅनडात पाठवली गेली. सभेला या, नाहीतर दंड होईल, असं सांगून लोकांना बोलावलं, आणि नाही म्हणणाऱ्यांना धरून बांधून जहाजावर चढवलं, असं त्या काळच्या साक्षी सांगतात. ही रॅनल्डची लेकरं. सरदाराचं त्यांच्याशी आता काही देणंघेणं नव्हतं.

दंगे, खंडबंदी आणि चौकशी झाल्यावर १८८६ साली कायदा झाला आणि छोट्या शेतकऱ्यांना जमिनीवरून सहजासहजी हुसकता येईना. आपल्या १९४८च्या कुळकायद्याचा हा दूरचा थोरला भाऊ. मालकी मात्र जमीनदारांचीच राहिली. स्कॉटलंडच्या नव्या संसदेने २००३ साली जमीनसुधारणेचा कायदा केला. २००६च्या नोव्हेंबरात साउथ युइस्ट आणि शेजारच्या बेटांवरची सुमारे ९३,००० एकर जमीन तिथल्या रहिवाशांच्या संस्थेने विकत घेतली. या संस्थेचे सभासद व्हायला रॅनल्डचा वंशज असावं लागत नाही. बेटावर राहत असलं की पुरे.