यमाई तलाव

महाराष्ट्र राज्याच्या सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर शहरालगतचा एक कृत्रिम तलाव व त्याच्या काठचे विहारस्थान. तलावाच्या परिसरात यमाई-तुकाई देवींचे स्थान असून त्यावरून त्यास हे नाव पडले आहे. पंढरपूर भीमा नदीच्या उजव्या तीरावर वसले असून, येथे चंद्रकोरीसारखे वळण घेणाऱ्या या नदीस चंद्रभागा म्हणतात. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सु. ९९,००० होती, तथापि चैत्री, आषाढी, कार्तिकी व माघी या चार वाऱ्यांच्या वेळी, विशेषतः आषाढीस, तेथे अनेक लक्ष लोक जमतात. मंदिराभोवतीची वस्ती दाट व रस्ते अरुंद असल्याने मोकळी जागा ही येथील रहिवाशांची नित्याची गरज आहे.

पंढरपुरात मोकळ्या हवेतील विहाराची परंपरा जुनी आहे. शहराच्या दक्षिणेस नदीपात्रात विष्णुपद हे स्थान असून, मार्गशीर्षात विठ्ठलाचा मुक्काम तेथे असतो, या श्रद्धेने लोक दर्शनास व वनभोजनास जातात. गोपाळपूर येथे पौर्णिमेस होणारा काला, नदीच्या वाळवंटातील भजन-कीर्तन व होडीतून केलेला फेरफटका ही त्याच परंपरेची अन्य रूपे होत. या विहारात देवदर्शन व करमणूक यांची फारकत झालेली नाही.

नदीकाठचा हा विहार मात्र नदीच्या पाण्यावर अवलंबून असतो. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात असून तेथील वार्षिक पर्जन्यमान सरासरीने सु. ५५ सेंमी. आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यापासून पंढरपूर येथील प्रवाह बव्हंशी धरणातून सोडलेल्या पाण्यावर ठरतो. पावसाळ्यात वाळवंट पाण्याखाली जाते, तर उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते. अशा स्थितीत सकाळ-संध्याकाळी फिरण्यास तलावाचा काठ सोयीचा ठरतो.

तलावाच्या परिसरात वनविभागाने ‘तुळशी वृंदावन’ हे उद्यान उभारले असून ते २०१९ मध्ये लोकांसाठी खुले झाले. विठ्ठलाची भव्य मूर्ती, संतांच्या मूर्ती, भित्तिचित्रे, कारंजे व तुळशीचे निरनिराळे प्रकार यांचा त्यात समावेश आहे. वारकऱ्यांच्या गळ्यातील माळ तुळशीची असते व वारीत स्त्रिया तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन चालतात; त्यामुळे उद्यानाचा विषय स्थानिक जीवनाशी सुसंगत आहे. तुळस ही अल्पायुषी वनस्पती असून तिला भरपूर ऊन व पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. म्हणून अशा उद्यानात वेळोवेळी पुनर्लागवड करावी लागते. एकदा लावून ते टिकत नाही.

जिल्ह्यातील अन्य तलावही विहारासाठी परिचित आहेत. सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनी बांधविला, असे मानतात. त्यातील मंदिर व काठचा भुईकोट किल्ला यांमुळे तो शहराचे भूषण ठरला असून मकर संक्रांतीच्या सुमारास तेथील गड्ड्याच्या यात्रेस मोठी गर्दी होते. शहरातील कंबर (धर्मवीर संभाजी) तलाव व शहरापासून जवळच असलेला, १८७१ मध्ये पूर्ण झालेला एकरुख (हिप्परगा) तलाव हे पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहेत.

शहरालगतच्या तलावांपुढील मुख्य प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा आहे. सांडपाणी व निर्माल्य यांतून नायट्रोजन व फॉस्फरस तलावात गेल्यास शैवाल व जलपर्णी झपाट्याने वाढतात. त्या कुजू लागल्या की पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, मासे मरतात व दुर्गंधी सुटते. शिवाय साठणाऱ्या गाळाने तलाव उथळ होतो आणि उन्हाळ्यात लवकर आटतो. यात्रेच्या गावी हा भार काही दिवसांतच अनेक पटींनी वाढतो. सांडपाणी वळविणे, निर्माल्य वेगळे गोळा करणे, जलपर्णी काढणे व उन्हाळ्यात गाळ उपसणे हे त्यावरील उपाय होत. काठाच्या सुशोभनापेक्षा या कामांना कमी प्रसिद्धी मिळते. परंतु पाणी बिघडल्यास काठचे उद्यानही ओस पडते. त्यामुळे तलावकाठच्या विहारस्थानाचे आयुष्य अखेर पाण्याच्या निगेवरच अवलंबून राहते.