मागच्या चाकावरची पंचवीस वर्षं

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गॅब्रिएल इंडियाचा कारखाना आहे. दुचाकीचे शॉकअप आणि पुढचे फोर्क तिथं तयार होतात आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना लागून देशभर जातात. ज्या शहरात शॉकअप बनतो, त्याच शहरातल्या माणसाला आपल्या गाडीचा मागचा शॉकअप बदलायचा झाला तर गेल्या पंचवीस वर्षांत त्यानं काय काय केलं, याचा मागोवा घ्यावा असं बरेच दिवस मनात होतं. इंजिनावर, मायलेजवर, टॉप स्पीडवर आपल्याकडे भरपूर लिहिलं-बोललं गेलं. मागच्या चाकाकडे मात्र पाठीचं दुखणं सुरू झाल्याशिवाय कुणी पाहत नाही.

मी सुरुवात २००१ पासून धरतो. बजाजची पल्सर त्या वर्षी आली आणि गाडी म्हणजे फक्त कामावर जाण्याचं साधन, ही समजूत तरुणांपुरती तरी मागे पडली. तोवर रस्त्यावर स्प्लेंडर, राजदूत, येझदी, बुलेट आणि एम-एटी होत्या. शॉकअप गेला की स्पेअर पार्टवाला एकच प्रश्न विचारायचा, कंपनीचा देऊ की लोकल? निवड तिथंच संपायची. तेल गळायला लागलं, गाडी खड्ड्यात ठकठक वाजायला लागली, म्हणजे जोडी बदलायची. एकच बदलला तर गाडी एका बाजूला ओढते, एवढं ज्ञान सगळ्या मिस्त्रींकडे होतं आणि ते बरोबरही होतं.

मागच्या शॉकअपचा या भागात पहिल्यांदा गांभीर्यानं विचार केला तो दूधवाल्यांनी आणि भाजीवाल्या शेतकऱ्यांनी. दिंडोरी, गिरणारे, मखमलाबाद या बाजूनं पहाटे शहरात येणाऱ्या गाड्या आठवून पाहा. चाळीस लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसत्या दुधाचंच ऐंशी किलोंहून जास्त वजन, वर कॅनचं आणि माणसाचं वेगळं. टोमॅटोच्या हंगामात त्याच गाडीवर क्रेट. मूळ स्प्रिंग एवढ्या ओझ्यानं तळाला टेकायची, मडगार्ड टायरला घासायचं. मग जाड तारेची स्प्रिंग बसवून घेतली जायची. ओझं असताना गाडी छान चालायची. परतताना, रिकाम्या कॅनांसह, तीच गाडी प्रत्येक खड्ड्यात मागून उसळायची.

ही उसळी नीट समजून घेतली, तर पुढच्या पंचवीस वर्षांतल्या बहुतेक चुका समजतात. शॉकअपमध्ये दोन वेगळी कामं असतात. वजन पेलायचं काम स्प्रिंगचं. दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरायचं काम आतल्या तेलाचं. पिस्टनच्या बारीक छिद्रांतून तेल जबरदस्तीनं ढकललं जातं आणि उसळीची ताकद तिथं उष्णता होऊन जिरते. दूधवाल्यानं स्प्रिंग बदलली, पण तेलाची वाट आणि छिद्रं जुन्याच स्प्रिंगच्या मापाची राहिली. कडक स्प्रिंगला आवरायची ताकद त्या तेलात नव्हती. तरीही त्याचा निर्णय मी शहाणपणाचाच मानतो. कारण त्यानं आधी वजन पाहिलं आणि मग स्प्रिंग निवडली. नंतर आलेल्या हौशी मंडळींनी नेमका हाच क्रम उलटा केला.

तो उलटा क्रम सुरू झाला गॅसवाल्या शॉकअपपासून. पल्सरला मागे बाजूला छोटी डबी असलेले गॅसचे शॉकअप आले आणि ती डबी पोरांच्या डोळ्यांत भरली. त्यामागचं शास्त्र चांगलं आहे. खराब रस्त्यावर पिस्टन सतत वरखाली झाला की तेल तापतं, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात, फेस होतो, आणि फेसाला स्प्रिंग आवरता येत नाही. दाबाखालचा नायट्रोजन तेलाला फेसाळू देत नाही. डबी असली की तेलही जास्त मावतं आणि उशिरा तापतं. पण बघता बघता ती डबी स्प्लेंडरवर, बुलेटवर, जी सापडेल त्या गाडीवर दिसू लागली. दोन्ही टोकांच्या भोकांमधलं अंतर किती, बुश कितीचा, स्प्रिंग किती किलोच्या गाडीसाठी केलेली, हे कुणी पाहत नव्हतं. शॉकअप थोडा लांब निघाला की गाडीचं मागचं अंग उचललं जायचं, चेन चाक धरणाऱ्या चिमट्याला घासायची, साइड स्टँडवर गाडी नको तेवढी कलायची. थोडा आखूड निघाला की डबलसीट बसल्यावर मडगार्ड टेकायचं. हँडल हलकं किंवा जड का झालं, याचं कारण मग लोक पुढच्या चाकात शोधत बसायचे.

दरम्यान एक मोठा बदल शांतपणे घडत होता. होंडाची युनिकॉर्न २००४ मध्ये एकच मागचा शॉकअप घेऊन आली. २००८ मध्ये यामाहाच्या एफझेड आणि आर-१५ आल्या आणि 'मोनो' हा शब्द कॉलेजच्या पार्किंगमध्ये रुळला. जुन्या मिस्त्रींना तो पसंत नव्हता. दोनपैकी एक गळाला तरी गाडी घरी येते, एकच असला आणि तोच गेला तर काय, असा त्यांचा रास्त सवाल होता. शिवाय बहुतेक मोनो उघडून दुरुस्त करण्यासाठी केलेले नव्हते. गेला की नवा घ्या.

खरी निवड सुरू झाली ती २०१६ नंतर. रॉयल एनफिल्डची हिमालयन त्या वर्षी आली. त्याच कंपनीच्या क्लासिकच्या मागच्या चाकाला ८० मिलिमीटरची उसळ, म्हणजे वरखाली व्हायचा वाव, होती; हिमालयनच्या चाकाला १८० मिलिमीटरची, तीही लिंकेजसह, म्हणजे चाक आणि शॉकअप यांच्यामधल्या दुव्यांच्या जोडणीसह. नाशिककरांसाठी हा फरक कागदावरचा नव्हता. त्र्यंबकहून मोखाड्याकडे उतरणारा रस्ता, पेठच्या वाटेवरचा सावळघाट, सुरगाण्याकडचे पाड्यांमधले रस्ते, साल्हेरच्या पायथ्यापर्यंत जाणारी बागलाणातली वाट, वैतरणा धरणाच्या मागच्या बाजूचे कच्चे रस्ते, हे सगळं शहरापासून एका दिवसाच्या टप्प्यात आहे. त्यात इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस. ऑगस्टमध्ये जिथं डांबर असतं, तिथं सप्टेंबरात खडी उघडी पडलेली असते.

पाठोपाठ २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २०० आली, पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर उसळीची, सामान्य पगारदाराला परवडेल अशी. २०२० च्या सुरुवातीला केटीएम ३९० ॲडव्हेंचर आली. तिच्या मागच्या शॉकअपला प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, जुळवायचा खटका होता. त्याच वर्षी हीरोनं एक्सपल्ससाठी रॅली किट काढलं. पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर, सगळे खटके जुळवता येणारे, किंमत ३८ हजार रुपये. म्हणजे गाडीच्या किमतीच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकं सस्पेन्शन. भारतीय कंपनीनं स्वतःच्या साध्या गाडीसाठी असं किट विकायला ठेवणं, ही माझ्या मते या सगळ्या काळातली सर्वांत महत्त्वाची घटना आहे. राष्ट्रीय रॅलीचे थरार नाशिकच्या मातीनं पाहिले होतेच. पण रॅलीतला शॉकअप नोकरदार माणसाला शोरूममध्ये मिळू शकतो, हे पहिल्यांदा कळलं.

यानंतर चर्चा आयात मालाकडे वळली. स्वीडनचं ओहलिन्स, १९७६ पासून याच कामात असलेलं, आणि त्याहून पुष्कळ स्वस्त पडणारं थायलंडचं वायएसएस ही नावं चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागली. कुणाचा पिवळ्या स्प्रिंगचा शॉकअप आला की ग्रुपमध्ये फोटो फिरायचा. आणि पुन्हा तोच उलटा क्रम: आधी नाव, मग रंग, मग डबी, आणि सर्वांत शेवटी वजन.

मी पाहिलेल्या गाड्यांत सर्वाधिक आढळणारी चूक प्रीलोडची आहे. रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते, असं जवळजवळ सगळे मानतात. तसं होत नाही. रिंग आवळल्यानं स्प्रिंगची सुरुवात पुढे सरकते, गाडीचं मागचं अंग वर येतं. प्रत्येक पुढच्या मिलिमीटरला लागणारा जोर तेवढाच राहतो. साठ किलोच्या माणसासाठी केलेली स्प्रिंग नव्वद किलोच्या माणसाखाली, मागे बायको आणि बाजूला भरलेल्या बॅगा असताना, रिंग शेवटपर्यंत आवळूनही तळाला टेकणारच.

हे तपासायला टेप पुरते. चाक हवेत असताना मागच्या ॲक्सलपासून सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंतचं अंतर घ्या. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना तेच अंतर घ्या. मग हेल्मेट-जॅकेटसह, नेहमीच्या सामानासह बसून दुसऱ्याकडून घ्यायला लावा. बसल्यावर गाडी एकूण उसळीच्या साधारण तीस टक्के दबावी. १८० मिलिमीटरच्या गाडीत हे ५४ मिलिमीटर होतात. प्रीलोडनं तो आकडा जुळवला, पण मग रिकामी गाडी स्वतःच्या वजनानं अजिबात दबेनाशी झाली, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. उलट रिकामी गाडीच बरीच खाली बसत असेल, तर स्प्रिंग कडक आहे. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं, पण मऊ स्प्रिंगला उंची राखण्यासाठी फार आवळावं लागतं आणि त्या आवळण्यानं रिकाम्या गाडीला दबायला वाव राहत नाही, हे लक्षात घेतलं की कोडं सुटतं. ही तीन मापं घेतल्याशिवाय कुणीही शॉकअपवर पैसे घालू नयेत, असं मी आग्रहानं सांगतो.

जगात दुसरीकडे हीच निवड कशी होते, तेही पाहण्यासारखं आहे. गुलमर्गला गेलेल्या बऱ्याच मराठी पर्यटकांनी स्नोमोबाइलवर फेरी मारली असेल. अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या डोंगरांत, माणसाच्या कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात चढण्यासाठी जी स्नोमोबाइल असते, तिला मागे चाकाऐवजी सुमारे १५० ते १६५ इंच लांबीचा रबरी पट्टा असतो. पट्ट्याच्या आत दोन रुळ, त्यांना धरणारे पुढचा आणि मागचा असे दोन हात, आणि प्रत्येक हाताला स्वतंत्र शॉकअप. पुढच्या हाताला एक आवळपट्टी असते. ती आखडली की चढावर नाक खाली राहतं, सैल सोडली की गाडी मागे बसते आणि पुढचं अंग उचललं जातं. तिथं एकेक किलो बर्फात रुतवतो, म्हणून पोलादी स्प्रिंग काढून हवेवर चालणारे हलके शॉकअप बसवणारे पुष्कळ आहेत. पण थंडी-ऊन बदललं की हवेचा दाब बदलतो, म्हणून स्प्रिंगला चिकटून राहणारेही तितकेच. आयडाहो राज्यात सुरू झालेल्या टिंबरस्लेड कंपनीनं आधी अशा डोंगरी स्नोमोबाइलचं मागचं सस्पेन्शन बनवलं आणि नंतर मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथं पट्टा बसवायचं किट काढलं. २०१५ मध्ये पोलारिसनं ती कंपनी घेतली. शॉकअपची विद्या मोटरसायकल आणि बर्फगाडी यांत एकच आहे, हे त्यावरून दिसतं. निवडीची कारणं मात्र त्या त्या जमिनीतून येतात. त्यांना वजन घटवायचं असतं. आपल्याला ओझं पेलायचं आहे, एप्रिलच्या उन्हात तापलेलं तेल सांभाळायचं आहे आणि चिखल-खडीनं खरवडला जाणारा दांडा वाचवायचा आहे. त्यांचे निकष आपल्या गाडीला लावून हलक्या, महागड्या वस्तूच्या मागे लागण्यात नाशिकच्या रायडरचा फायदा नाही.

आयात शॉकअपबद्दल दुसरी गोष्ट तो बसवल्यानंतर कळते. हे शॉकअप उघडून दुरुस्त करता येतात, हाच त्यांचा मोठा गुण. पण ते उघडायला सील लागतं, योग्य तेल लागतं, नायट्रोजन ठरलेल्या दाबानं भरायची सोय लागते आणि ते काम येणारा माणूस लागतो. आपल्याकडच्या अनेकांना त्यासाठी शॉकअप काढून दुसऱ्या शहरात पाठवावा लागला आणि तेवढे आठवडे गाडी स्टँडवर उभी राहिली. सर्व्हिस कोण करणार, हे विचारल्याशिवाय घेतलेला शॉकअप दोन पावसाळ्यांनंतर कंपनीच्या साध्या शॉकअपपेक्षा वाईट चालतो. सह्याद्रीतला चिखल सीलला सोडत नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरात नवी हिमालयन ४५० आली, मागे २०० मिलिमीटर उसळ आणि शोवाचं सस्पेन्शन घेऊन. कंपनीच्या शॉकअपचा दर्जा या पंचवीस वर्षांत इतका वर आला आहे, की बाहेरचा शॉकअप घ्यायची गरज पूर्वीपेक्षा कमी लोकांना आहे. रस्तेही दोन जातींचे झाले. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, पण दुचाकीला त्यावर प्रवेश नाही. आपल्या वाट्याला जुना कसारा घाट आणि आतले रस्ते आहेत, आणि तिथं चांगला मागचा शॉकअप म्हणजे थेट सुरक्षितता आहे. मागचं चाक जमिनीला चिकटून राहिलं नाही तर ओल्या वळणावर मागच्या ब्रेकचा उपयोग होत नाही.

माझा निष्कर्ष सरळ आहे. पहिले पैसे वजनाला जुळणाऱ्या स्प्रिंगवर घालावेत, दुसरे वेळच्या वेळी लिंकेजचे बुश आणि बेअरिंग साफ करून ग्रीस करण्यावर. एवढ्यानं भागलं नाही, आणि महिन्यातून अनेकदा कच्च्या रस्त्यावर जाणं असेल, तरच डबीवाला, खटकेवाला शॉकअप घ्यावा. लांबी मूळ शॉकअपइतकीच ठेवावी, कारण लिंकेजमुळे शॉकअपमधला मिलिमीटर चाकाजवळ कितीतरी पट होतो. वॉरंटीचं काय होतं ते आधी लेखी विचारून घ्यावं.

आणि अंबड-चाकणच्या कारखानदारांना, तसंच गाड्या विकणाऱ्या कंपन्यांना एक विनंती. ग्राहक बूट घेतो तेव्हा त्याला माप विचारलं जातं. मोटरसायकल मात्र पन्नास किलोच्या मुलीला आणि शंभर किलोच्या पुरुषाला एकाच स्प्रिंगची मिळते. एकेका मॉडेलसाठी दोन-तीन कडकपणाच्या स्प्रिंगा वजनाच्या तक्त्यासह सुट्या विकायला ठेवा. ही वस्तू बनवण्याची सगळी विद्या, यंत्रं आणि हात नाशिकमध्येच आहेत.